पट्टी चलेगी?

नवा टीव्ही भिंतभर रुंद, आणि आमच्या लग्नाची कॅसेट जुन्या चौकोनी टीव्हीच्या काळातली. ती पेन ड्राइव्हवर उतरवायला मी बालाघाटातल्या एका दुकानात नेली. हट्ट बायकोचा होता. तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांना हलताना-बोलताना पाहायचं तर ही एकच जागा उरली होती.

दुकानदारानं विचारलं, "पट्टी चलेगी?"

आमच्याकडे केबलवर चित्राखाली पट्टी पळते. किरनापूरचं साड्यांचं दुकान, मूळव्याधीचा दवाखाना, पुढं फोन नंबर. माझ्या मंगलाष्टकांखाली मूळव्याध? मी ठणकावून सांगितलं, पट्टी बिलकूल नाही. तो म्हणाला, मग फुल करून देतो. एकदम फुल कर, म्हटलं. वर मोठेपणानं कॅसेटही त्यालाच ठेवून घ्यायला सांगितली, घरी आता काय कामाची.

चौकोनी चित्र रुंद पडद्यावर भरायचं तर ते वरून-खालून कापावं लागतं, हे मला घरी सोफ्यावर बसल्यावर कळलं. पाय धुण्याचा विधी आला. पडद्यावर मुंडावळ्या बांधलेलं माझं तोंड, भोपळ्याएवढं. सासरे वाकून माझे पाय धूत होते, म्हणजे धूत असावेत. खालच्या कडेला त्यांच्या टोपीचं टोक तेवढं वरखाली होत होतं.

बायकोनं रिमोट माझ्या हातात दिला. "तुमच्या तोंडासाठी माह्ये बाबा कापले काय?"

मी स्कूटर काढली. दुकानदारानं जुन्या कॅसेटींचं पोतं कबाड्याला द्यायला दाराशी आणून ठेवलं होतं. आम्ही दोघांनी ते फरशीवर पालथं केलं. कोणाकोणाची लग्नं बाजूला सारल्यावर आमचं सापडलं. मग त्यानं समजावलं, त्याची पट्टी म्हणजे चित्राच्या दोन्ही बाजूंना राहणारी काळी जागा. ठेव म्हटलं, हवी तेवढी ठेव.

संध्याकाळी पुन्हा लावलं. चित्र मधोमध, आणि त्यात सासरे पूर्ण. त्यांनी परातीत माझे पाय धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसले, मग मान वर करून मला काहीतरी म्हणाले. बँडच्या आवाजात ऐकू येईना. बायकोनं तेवढाच तुकडा तीनदा लावला.

"बाबा का म्हणून राह्यले तुमाले?"

मला खरंच माहीत नव्हतं. पडद्यावर दिसतच होतं. ते माझ्याकडे पाहून बोलत होते, आणि मी कॅमेऱ्याकडे पाहून हसत होतो.