सगळ्यात स्वस्त दार

"शिल्पा, गॅरेजचं दार उघडत नाहीये. मोटर नुसती घूं घूं करते आणि बंद पडते. आणि हिला अकराला डायलिसिसला न्यायचंय."

फोनवर देवधरकाका होते. दुर्गापूजेतली अष्टमी, सकाळची वेळ, मी बराकपूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये पोह्यांना फोडणी देत होते. मी गॅस बंद केला आणि त्यांना एकच विचारलं, पहाटे काही मोठा आवाज झाला होता का? म्हणाले, फटाका वाजल्यासारखा झाला होता खरा, पण पूजेचे दिवस, कोण लक्ष देतो.

तो फटाका नव्हता. दाराची स्प्रिंग तुटली होती.

मी गेट आणि गॅरेज दारांच्या ऑटोमेशनचं काम करते. कोलकात्यातल्या एका डीलरकडे सेल्स आणि सर्व्हिस, दोन्ही माझ्याकडे. लोक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, मोटर किती पॉवरची? अहो, मोटर दार उचलतच नाही! दार उचलते ती वर आडव्या दांड्यावर पिळून बसवलेली स्प्रिंग. सगळं वजन तिच्या अंगावर. मोटर फक्त दाराला वर-खाली चालवते, जड पेटी दोघांनी उचलल्यावर तिसऱ्यानं नुसता हात लावावा, तशी. स्प्रिंग ठीक असेल तर लाइट गेल्यावर लाल मुठीची दोरी ओढायची, मोटर सुटते आणि दार एका हातानं वर जातं. स्प्रिंग तुटली की तेच दार धोंडा होतं. मग दोरी ओढा नाहीतर देवाला हाका मारा.

हे सगळं मी काकांना त्यांच्या न्यू टाउनच्या घरी बसून समजावलं होतं. काका बँकेतून रिटायर झालेले, शेवटची बरीच वर्षं खरेदी विभागात. मूळचे सातारचे, बदलीवर इकडे आले आणि इथेच घर बांधून राहिले. ओळख आमची गणपतीतली, इथली मराठी माणसं मिळून बसवतात त्यातली. काकू व्हीलचेअरवर. पाणी भरतं म्हणून घराचा चौथरा उंच, पुढच्या दाराला उभ्या पायऱ्या. एकदा खुर्चीसकट उतरवताना तोल गेला आणि काकूंचा खुबा मोडला. तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं होतं, पायऱ्यांवरून यांना उचलायचं नाही. म्हणून घरातून गॅरेजमध्ये उतार केला, आणि गॅरेजला मोटरचं दार. म्हणजे लोकांच्या घरी असतं ते गाडीचं दार. इथे ते काकूंचं दार होतं.

आणि काकांनी काय केलं? तीन कोटेशनं मागवली. स्वतःच्या घराच्या दाराला! कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, म्हणजे दरांच्या तुलनेचा तक्ता केला, रकाने आखले, आणि एल-वनला ऑर्डर दिली. एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दराचा विक्रेता. सरकारी बँकेत तोच घ्यावा लागतो, नाहीतर ऑडिटवाले जीव खातात. रिटायर झाल्यावर ऑडिट संपलं, सवय काही सुटली नाही.

आमच्या कोटेशनमध्ये दोन स्प्रिंगा होत्या, एक गेली तर दुसरी थोडं वजन धरते. शिवाय दर वर्षीची सर्व्हिस, आणि सुटे भाग इथेच गोडाउनमध्ये. एल-वनची स्प्रिंग एकच, मोटर मात्र दांडगी, ऑफिस दुसऱ्या शहरात. मी म्हटलं होतं, काका, किंमत आजची बघू नका. स्प्रिंगेचं आयुष्य उघडझाप मोजून ठरतं. ज्याची गाडी सकाळी जाते आणि संध्याकाळी येते त्याची स्प्रिंग टिकेल. तुमच्याकडे काकू बागेत गेल्या तरी हेच दार. त्यात इथली दमट हवा. काका म्हणाले, मोटर मोठी आणि किंमत कमी, मग वाईट काय? आता यावर काय बोलणार! वाईट हेच, की दांडगी मोटर थकलेल्या स्प्रिंगेचं काम मुकाट्यानं करत राहते. दार कुरकुरतं, माणूस तेल घालतो, आणि एक दिवस सगळं एकदम बसतं.

काकू तिथेच होत्या. त्यांनी मध्येच विचारलं होतं, "अडलं तर हातानं उघडेल ना?" काका म्हणाले, उघडतं गं, दोरी आहे.

असो. काकांचा फोन ठेवून मी आधी घोषबाबूंना फोन केला. घोषबाबू म्हणजे माझे बॉस. आमचे मेकॅनिक पूजेला गावी गेलेले. त्या एल-वन विक्रेत्याच्या हेल्पलाइनवर नुसती रेकॉर्ड वाजत होती.

"शिल्पा, वो अपना दरवाज़ा नहीं है. टच मत करना," घोषबाबू म्हणाले. त्यांचंही खरं होतं. दुसऱ्याच्या दाराला आपण हात लावला आणि ते कोणावर पडलं, तर गुन्हा आपल्या माथी.

मी म्हटलं, मी पाहुणी म्हणून चाललेय. त्यांनी विचारलं, पाहुणी टूलबॉक्स घेऊन जाते का? मी फोन ठेवला.

बराकपूरहून दमदमपर्यंत लोकल, तिथून टॅक्सी. टॅक्सी कसली, गोगलगाय. चौकाचौकात पँडल म्हणजे पूजेचे मांडव, दोऱ्या बांधून अडवलेले रस्ते, नटूनथटून पुष्पांजलीला निघालेली माणसं. मी घड्याळाकडे बघायचं नाही ठरवून दर मिनिटाला बघत होते. आदल्या वेळी काकूंचं डायलिसिस अर्ध्यावर थांबवावं लागलं होतं, बीपी उतरलं म्हणून. आजचा स्लॉट गेला तर दुसरा कधी, ते सेंटरवाले सांगत नव्हते.

पोचले तर काकांनी गाडीचा जॅक दाराखाली सरकवलेला आणि स्वतः आडवे होऊन आत बघताहेत! मी ओरडलेच. "काका, आधी बाजूला व्हा. हात लावायचा नाही." या वयाचा माणूस, मला लाज वाटली, पण ते निमूट उठले. त्यांची पाचावर धारण बसली होती.

काकू गॅरेजमध्येच खुर्चीत होत्या. पाय सुजलेले, धाप लागलेली, नीट साडी नेसून तयार. मी वर पाहिलं. स्प्रिंगेचे सरळ दोन तुकडे. ती बदलणं एकट्याचं काम नाही, आणि भागही नाही. आता दार दुरुस्त करायचं नव्हतं. एकदा वर न्यायचं, पडू द्यायचं नाही, आणि काकूंना खालून काढायचं, एवढंच.

दार रुंद, पोलादी पट्ट्या जोडून केलेलं. आम्ही दोघं उचलायला गेलो तर जागचं हलेना. मी धावत कोपऱ्यावरच्या पँडलमध्ये गेले. तिथले बापीदा, पूजा कमिटीचे सेक्रेटरी, काकूंना रोज बघणारे. माझी बंगाली कामापुरती. पण 'माशीमा' म्हणजे मावशी, आणि 'डायलिसिस' सगळीकडे डायलिसिसच. पाच जण पूजेच्या धोतर-कुडत्यातच आले. मागून मी म्हटलं, बांबू पण आणा. पँडलमागे उरलेल्या बांबूंचा ढीग होताच.

मी लाल दोरी ओढून मोटर सोडवली. दोघं बाहेरून, तिघं आतून. पट्ट्यांच्या फटीत बोटं घालू नका, हे मी तीन भाषांत सांगितलं. दार इंच इंच वर गेलं. दोन्ही बाजूंच्या रुळांवर चाकांखाली मी पकडीचे चिमटे आवळले, आणि दोन बांबूंचा खालून टेकू दिला. माझे हात इतके घामेजले होते की एक चिमटा दोनदा सुटला.

काका म्हणाले, गाडीही काढू का? मी म्हटलं, गाडी आतच राहू दे, बापीदांची बाहेर उभी आहे. या दाराखालून एकदाच जायचं, आणि फक्त काकूंनी.

तेवढ्यात बांबू कुरकुरला. बापीदांनी खांदा दाराला लावला. मीच खुर्ची धरली, कारण पडलं तर दुसऱ्या कोणाच्या हातात खुर्ची असलेली मला सोसली नसती. मला भीती वाटत होती, चांगलीच. वर दाराची कड दिसली, मग आभाळ दिसलं.

काकूंनी मान वळवून काकांकडे बघितलं. "अहो, बँकेत वापरणाऱ्यांच्या, त्या युजर डिपार्टमेंटच्या सहीशिवाय तुम्ही साधा पंखा घेतला नाहीत. या दाराचं युजर डिपार्टमेंट कोण होतं?"

काका खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले.

बापीदांच्या गाडीनं काकू सेंटरला गेल्या, स्लॉट मिळाला. आम्ही दार हळूहळू खाली उतरवलं आणि मी गॅरेजच्या उतारावरच बसले. घोषबाबूंचा फोन आला, दार दुरुस्त केलंस का? नाही, म्हटलं, फक्त धरलं.

पूजा संपल्यावर दुसरं दार बसवायचं ठरलं. जुन्याची स्प्रिंग, जळत आलेली मोटर, झिजलेले गिअर, सगळं धरून एल-वन कधीच सगळ्यात महाग झाला होता. शिकायचं ते एवढंच, दाराची किंमत ते उघडतं त्या दिवशी कळत नाही. आता कोणीही आलं की मी मोटरचं नंतर बोलते. आधी विचारते, हे अडलं तर आत कोण अडकेल?

काकांनी पुन्हा कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट पाठवलंच, खोड कुठली जाते. पण या वेळी खाली 'युजर डिपार्टमेंट' असं छापून सहीला जागा ठेवली होती. काकूंची थरथरती सही होती, आणि शेरा: 'मंजूर. पण अष्टमीला फोन केला तर कोण येणार, त्याचं नाव लिहा.'

मी माझं नाव लिहिलं. घोषबाबूंना अजून सांगितलेलं नाही.