इथलं कोण आहे?

ऑफिसचे किस्से कुणी गोळा करत नाही, ते सिंकमधल्या भांड्यांसारखे आपोआप साठतात. माझे जरा जास्तच साठलेत. मी द हेगच्या एका सरकारी खात्यात आहे. फार पूर्वी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या, म्हणजे ॲबोरिजिनल समाजांच्या, काही वस्तू इथल्या संग्रहालयांत येऊन पडल्या. त्या परत देण्याची बोलणी आम्ही करतो. मी मूळची नाशिकची. मला हे काम कसं मिळालं हे अजून मलाच कळलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला कळेल या धास्तीत मी असते.

दुसरी धास्ती घरची. लेक इरा, वय वर्षं तीन. घरात मराठीत अखंड बडबड, बाहेर तोंडाला कुलूप. क्रेशमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, आजवर एक शब्द नाही. बालआरोग्य केंद्रातल्या नर्सने मान तिरकी करून विचारलं, "घरी किती भाषा बोलता?" तेव्हापासून मला नवऱ्याशी मराठीत भांडतानाही अपराधी वाटतं.

*

माझा बॉस मार्टन म्हणाला, बोलणीला येणाऱ्या मंडळींना निमंत्रण त्यांच्या भाषेत पाठवू. कोणत्या, विचारलं तर म्हणे, ॲबोरिजिनल. चौकशी केली तेव्हा येणाऱ्या चार समाजांच्या चार वेगळ्या भाषा निघाल्या. मार्टन पार खचला.

"तुमचं बरं आहे," म्हणाला, "तुमची एकच इंडियन."

मी बराच वेळ पाणी पीत राहिले.

*

पहिल्या व्हिडिओ मीटिंगमध्ये त्यांच्यातल्या ज्येष्ठ बाईंना सगळे मानाने 'आँटी जून' म्हणत होते. मीही बिनदिक्कत आँटी म्हणून मोकळी झाले. आपल्याला काय, भाजी घेताना भेटलेलीही आँटीच! मार्टनला मात्र ते जड जात होतं. नंतर हळूच विचारतो, "तुझ्या नात्यातल्या आहेत का?"

*

त्याच मीटिंगमध्ये मार्टनने सुचवलं, सगळ्यांच्या वतीने एकाच प्रतिनिधीने बोलावं, सोपं पडेल. पलीकडे शांतता. मार्टनने आवाज तपासला, वायर काढून परत लावली, शेवटी लॅपटॉप बंद करून चालू केला. चित्र परत आलं तेव्हा आँटी तशाच बसलेल्या.

"मी विचार करत होते," त्या म्हणाल्या. "माझ्या नदीबद्दल मी बोलेन. पलीकडच्या नदीबद्दल तिथली माणसं बोलतील. तू कुणाच्या वतीने बोलतोस?"

आता शांतता आमच्याकडे. पण तिकडे कुणी वायर काढली नाही.

*

मंडळी प्रत्यक्ष आली, नेमकं त्याच दिवशी क्रेश बंद. नवरा लांब फेल्डहोवन गावी, कामावर. मी इराला घेऊनच संग्रहालयात पोचले आणि शक्य तितकी मार्टनच्या नजरेआड उभी राहिले.

आँटी दारातच थांबल्या. त्यांच्यात रीत अशी, की दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल ठेवायचं तर तिथल्या माणसाने आत बोलवावं लागतं.

"इथलं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मार्टन लगबगीने पुढे झाला आणि थबकला. तो उत्तरेकडच्या फ्रीसलँडचा, आणि फ्रीसलँडचा माणूस काही झालं तरी स्वतःला हेगकर म्हणवून घेणार नाही. संग्रहालयाच्या बाई बेल्जियमच्या. दारावरचा सिक्युरिटीवाला सुरिनामचा. मी नाशिकची. मार्टनची नजर फिरत फिरत खाली, इरावर आली.

"ही कुठे जन्मली?" त्याने विचारलं.

द हेगमध्येच. मी घाईघाईने सांगू लागले, ही बाहेर बोलत नाही, हिला वेळ लागतो.

"आम्हाला कुठे घाई आहे?" आँटी म्हणाल्या.

इराचं तोंड माझ्या कोटात. सगळे उभे. बाहेरून एक ट्राम गेली, मग दुसरी. मी तिला पुढे करायला हात उचलला तर मार्टनने मला खुणेने थांबवलं. चक्क मार्टनने!

मग कोटातून तोंड बाहेर आलं. इराने आँटींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्यांच्या बुटांकडे बोट केलं आणि स्वच्छ डचमध्ये, पण अगदी माझ्या घरच्या सुरात म्हणाली,

"आत या. पण आधी बूट काढा."

भाषांतराची वाट न बघता आँटी पायरीवर बसून नाड्या सोडायला लागल्या. मार्टन त्यांच्या शेजारी टेकला. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.