तासिकेवरचा हप्ता

"मॅडम, माझं लिमिट अडकलं ते हिच्यामुळं. आता तुम्हीच इचारा हिला," असं म्हणून महालिंगअप्पांनी खुर्ची माझ्याकडे ओढली आणि शेजारी बसलेल्या भाचीकडे चक्क पाठ केली.

उदगीरच्या आमच्या शाखेत मी कर्जविभाग सांभाळते. अप्पा बाजारातले किराणा व्यापारी. त्यांची भाची शिवलीला, वडील लहानपणीच गेलेले. तिच्या शिक्षणकर्जाला मामा जामीनदार होते आणि तिचे हप्ते थकले होते. तीन महिने हप्ता आला नाही की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या लेखी बुडाल्यात जमा. ती वेळ आता आठवड्यावर आली होती. त्यात माल भरायला बँक अप्पांना दरवर्षी जी उचल देते, म्हणजे त्यांचं लिमिट, तेही या थकबाकीमुळे थांबलेलं. दिवाळीचा माल भरायचा होता. अप्पांचा पारा चढणारच.

"बिलोलीला प्राध्यापक हाय पोरगी. पावण्यात सांगून ठेवलंय म्या. मग हप्ता भरायला काय धाड भरली?"

फाइलमध्येही व्यवसाय 'प्राध्यापक' असाच लिहिलेला. मीही जरा करड्या आवाजात कारण विचारलं.

तिनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाली, "मामा, मला पगार न्हाई."

"म्हंजे? सोडलीस का नोकरी?"

"न्हाई. मी तासिकेवर हाय. जितके तास शिकवले तितक्याचेच पैसे. तेबी बिल मंजूर झाल्यावर, सहा-सहा महिन्यांनी. उन्हाळ्यात तर कायच न्हाई."

आमच्या भागात अशी कितीतरी मुलं-मुली आहेत. कायमच्या जागा भरल्या जात नाहीत, म्हणून तासावर शिकवणारे घेतात. कॉलेज तेच, फळा तोच, विद्यार्थी 'मॅडम' म्हणूनच हाक मारणार. फक्त पगाराची एक तारीख तेवढी यांच्या कॅलेंडरात नसते.

"मग खातीस काय गं?" अप्पांचा आवाज एकदम खाली आला.

"दुपारनंतर एका क्लासमधी पेपर तपासते. त्यात खोलीभाडं अन् मेस निघते."

"बोलली का न्हाईस?"

"तुम्ही पावण्यात सांगून ठेवलं होतं ना."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो तिचा नव्हता.

अप्पा ताडकन उठले. "मॅडम, सगळं कर्ज मिटवून टाका. म्या भरतो."

"न्हाई," शिवलीला म्हणाली. "थकलंय तेवढं भरा, उसनं म्हणून. बाकी मीच फेडणार. मॅडम, हप्ता माझ्या बिलासंगं येईल असं काही करता येईल का?"

मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "शिक्षणकर्जाला सहामाही हप्ता? हे काय पीककर्ज आहे का?"

"साहेब, पिकाला आपण हंगाम बघतोच की. हिचाही हंगामच आहे. दर महिन्याला मागत बसलो तर हे खातं पुन्हापुन्हा थकणार, आणि रीजनल ऑफिसला खुलासा तुम्हालाच द्यावा लागणार."

खुलासा या शब्दाला आमच्याकडे भलतं वजन आहे. साहेबांनी चष्मा नाकावर सरकवला. "प्रस्ताव पाठवा. पण अट बदलली की जामीनदाराची नव्यानं संमती लागते. ते सही करतील?"

खरी गोम तिथेच होती. पहिली सही अप्पांनी पुढे पगारदार होणाऱ्या भाचीसाठी केली होती. आता तिची मिळकत त्यांना कळली होती. त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. बाहेर येऊन मी अप्पांपासून काही लपवलं नाही. "अप्पा, पुढेही थकलं तर तुमचं लिमिट पुन्हा अडकेल. नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे."

अप्पांनी संमतीचा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. शिवलीला जमिनीकडे बघत होती.

"मॅडम, मागच्या टायमाला म्या वाचलंबी न्हवतं," ते म्हणाले. "आता सगळं वाचून सही करायलोय." सही केली, पेन परत दिलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा भाचीकडे वळले. "अन् उन्हाळ्यात तिकडं मेसचं काय खातीस? घरला येत जा."

तेव्हा मात्र ती रडली. अप्पा उगीच माझ्या टेबलावरच्या पेपरवेटशी चाळा करत बसले.

थकबाकी त्यांनी त्याच दिवशी भरली. लिमिट दिवाळीच्या आधी मोकळं झालं. सहामाही हप्त्याची मंजुरी रीजनल ऑफिसकडून रडतखडत आली, पण आली. शिवलीला बिल निघालं की हप्ता भरते. एकदा बिल लांबलं तेव्हा स्वतःच शाखेत येऊन तसं सांगून गेली. मामाची उसनवारीही थोडी थोडी फेडते आहे, असं अप्पाच कुरकुरत सांगतात. त्यांना ते पैसे घ्यायचे नसतात आणि तिला ठेवायचे नसतात.

मी आता अर्ज घेताना 'किती मिळतं' याच्याआधी 'कधी मिळतं' हे विचारते. नोकरदार लगेच तारीख सांगतात. तासिकेवाले हसतात. मग मी आधी चहा सांगते, कारण तो अर्ज लवकर आटपत नाही.