मोरपंखीचा पडदा

थोरल्याला सगळं कळायचं, निदान त्याला स्वतःला तसं वाटायचं. कारखान्यात हजेरी घेण्यात जन्म गेला, पण तोरा असा, जणू कारखाना यानेच उभारला. वाटणीच्या वेळी धाकटा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, तुला यातलं काही कळत नाही." झालं. तेवढ्यावर पठ्ठ्याने अबोला धरला आणि दोन घरांच्या मध्ये मोरपंखीची रांग लावली. भावाचं तोंडसुद्धा दिसायला नको.

झाडांना मात्र जीव लावला, हे नाकारता येत नाही. बायकोला कधी पाण्याचा पेला दिला नसेल, पण मोरपंखीच्या मुळाशी पाणी, वाळका पाला, पानांवर फवारे. रांग डोक्याच्या वर गेली, दाट झाली. पलीकडून धाकटा नुसते हिरवे शेंडे कातरायचा, तेही जपून. ते याच्या डोळ्यांत खुपलं. बायकोकरवी निरोप धाडला, माझ्या झाडांना हात लावायचा नाही.

धाकट्याने कात्री ठेवून दिली. फांद्या त्याच्या दारावर आल्या तेव्हा त्याची बायको येऊन थोरल्याला म्हणाली, "भाऊजी, आता तुम्हीच काय ते बघा."

थोरला ऐटीत पलीकडे गेला आणि फांद्या थेट खोडापर्यंत छाटल्या. मधल्या दोन झाडांचा आकार बिघडला, म्हणून त्यांना अलीकडूनही भादरलं.

"अहो, हिरवं काही उरलंच नाही की," बायको म्हणाली.

"कारखान्यातली मेंदी मी बुंध्यापर्यंत छाटायला लावायचो. दुप्पट फुटायची. तुला काय कळतंय?"

मोरपंखी म्हणजे मेंदी नव्हे. तिच्या जुन्या लाकडाला पालवी फुटत नाही. थोरल्याने खत घातलं, रोज चष्मा लावून कोंब शोधले. शेवटी ते दोन सांगाडे उपटावे लागले, आणि भगदाड पडलं नेमकं धाकट्याच्या खुर्चीसमोर.

सकाळी चहा घेताना दोघांची नजरानजर झाली. थोरला मान फिरवणार, इतक्या वर्षांचा राग त्याने त्याच घडीसाठी जपला होता. पण त्याआधीच धाकटा उठला, खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसला.

थोरल्याला ते फार लागलं. तरी त्याने आपली खुर्ची हलवली नाही. रोज तिथेच बसून तो भावाच्या पाठीकडे बघतो. धाकट्याला टक्कल पडलंय, हे सगळं कळणाऱ्या या माणसाला तेव्हा कळलं.