मोंबाशातलं वाळवण

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगते. हसलात तर हातातला चहा काढून घेईन! कारण त्या दिवसाचा राग माझा अजून उतरलेला नाही.

लढाई नुकतीच संपलेली. आमचे हे मोंबाशाला, आफ्रिकेत, रेल्वेत कारकून. लग्न झालं आणि माघात मला बोटीनं तिकडे नेलं. पाडवा झाला तसा माझा जीव तिथे लागेना. भिसेगावात आता कैऱ्या उतरत असतील, बहिणी माहेरपणाला आल्या असतील, अंगणभर पापड पडले असतील! आणि मी कुठे? यांना ईस्टरची सुट्टी लागत होती.

"अहो, सुट्टीत घरी जाऊ या ना."

"अगं, बोट मुंबईला लागायच्या आत सुट्टी संपेल."

एवढं बोलून परत पेपरात डोकं! माणूस म्हणायचं की दगड? मी अशी तापले! मनात म्हटलं, तुम्ही मला उन्हाळ्याला नेत नाही ना, मग मी उन्हाळाच इथे आणते.

आईनं मला पोह्यांच्या पिठाचा डबा दिला होता. घरच्या भाताचे पोहे, तिनं स्वतः जात्यावर दळलेले. बोटीत अख्खा प्रवास तो डबा माझ्या मांडीवर. पुन्हा तसं पीठ मिळणार कधी? कोणी गाववाला येईल तेव्हा! ठरवलं, सगळ्याचे पापड घालायचे. वर्षभर माहेर खायचं.

शेजारी मरियमभाभी राहायच्या. मूळच्या खालापूरच्या, त्यांच्या नवऱ्याचं बंदरावर दुकान. तिकडे राहून केस पांढरे झालेले. मी पीठ भिजवतेय तोच दारात हजर.

"काय चाललंय गं बाय?"

"पापड."

"आता? नको गं. आता हितं पाऊस लागंल."

ऐकलंत? चैत्रात पाऊस! आणि सांगतात कोणाला, तर भिसेगावच्या पोरीला!

"भाभी, मृगाला अजून लय दिवस हायत!"

"मृग तुज्या गावाला. हितं नाय."

मला काय वाटलं माहितीये? अंगण दोघींचं, तेव्हा हिला जागा द्यायची नसेल. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आधी दोरीवरचे कपडे काढा तुमचे!" बिचारीनं लगेच काढले.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या पहिल्याच सकाळी, मी पहाटेपासून लाटायला बसले. हे पिशवी घेऊन बाजाराला निघाले. काखेत काळी छत्री!

"ही कशाला मिरवताय?"

"पाऊस येईल गं."

"तुम्हीपण? भाभींनी पढवलं वाटतं!" मी छत्री हिसकावलीच. "ठेवा इथे. मला कावळ्यांना लागते."

आपल्याकडे वाळवणात काळी छत्री उघडून ठेवतात ना, कावळे फिरकत नाहीत म्हणून? तिथले कावळे तर गळ्यात पांढरी कॉलर घातलेले, साहेबाचे बाप! हे उघड्या डोक्यानं गेले. मी अंगणभर चादरी पसरल्या, पापड घातले, मधोमध छत्री रोवली आणि काठी घेऊन पायरीवर बसले. म्हटलं, येऊ दे आता कोण येतो ते!

समुद्राकडून काळं काळं वर आलं. मी म्हटलं, बोटीचा धूर असेल.

नाकावर टप्पकन थेंब पडला. मी वर बघून काठी उगारली. "मेल्या कावळ्या, इथेच घाण करायची होती?"

आणि मग जो कोसळला! सरी कसल्या, हंडेच्या हंडे! भाभी धावत आल्या, कडेच्या चादरीचं टोक धरलं. मी इकडून ओढतेय, त्या तिकडून, आणि मधे पापडांचा लगदा होऊन त्यांच्या कोपरापर्यंत ओघळतोय! मी तिथेच चिखलात बसकण मारली आणि भोकाड पसरलं. पावसाचा राग, यांचा राग, त्या मेल्या बोटीचा राग! "माझ्या आईचा डबा गेला हो भाभी!"

तेवढ्यात हे आले, नखशिखांत भिजलेले. चिडले असते तर मलाही भांडता आलं असतं! पण यांनी फक्त विचारलं, "माझी छत्री कुठाय?"

तिघांनी वळून पाहिलं. अंगणाच्या मधोमध छत्री ताठ उभी, आणि तिच्याखाली मूठभर पापड! जसेच्या तसे!

ते मी चुलीच्या उबेला सुकवले, तळले आणि दोघांपुढे ठेवले. खाताना यांनी डोळे मिटले. "सासूबाईंच्या हातची चव आहे," म्हणाले. मला वाटलं, चला, सुटले. आता कोणी काही बोलत नाही.

भाभींनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला, पदराला बोटं पुसली आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या,

"पापड गेलं तं गेलं गं बाय. पन कावळा एक नाय आला हां!"