कांबळेभाऊंचं बाकडं

कांबळेभाऊ गेल्याचं मला आजऱ्याच्या ऑफिसात कळलं. खिडकीवर एक माणूस अर्ज घेऊन उभा होता आणि फोनवर आमचा जुना शिपाई रडत होता... मी फोन ठेवला, अर्ज तपासला, सही-शिक्का करून कागद त्या माणसाच्या हातात दिला आणि मगच आत जाऊन रडले. माणूस ताटकळत ठेवून रडायला गेले असते, तर भाऊंनी मेल्यावरसुद्धा झापलं असतं.

कोल्हापुरात राज्य सरकारच्या एका जिल्हा कार्यालयात आम्ही चौदा वर्षं समोरासमोर बसलो. ते अव्वल कारकून, मी लिपिक. तालुक्यात तपासून आलेले अर्ज आम्ही पुन्हा तपासायचो, काम एवढंच. बाहेर व्हरांड्यात एक लांबलचक लाकडी बाकडं होतं. त्यावर कुठनं कुठनं आलेली माणसं फडक्यात भाकरी बांधून दिवसदिवस बसायची. ऑफिस सुटायच्या वेळेला भाऊ दारातून मान बाहेर काढून बाकडं बघायचे. कुणी बसलेलं दिसलं की परत खुर्चीत. "सरूताई, तुमी जावा की. सासूबाई वाट बघत असतील." आणि मी जायची. खोटं कशाला बोलू?

लॉकडाऊननंतरची गोष्ट. सरकारकडं पैशाचा खडखडाट, भरती बंद, निवृत्त झालेल्यांच्या खुर्च्या तशाच रिकाम्या. अशात वरून परिपत्रक आलं : काटकसर कशी करता येईल, कामाला वेग कसा येईल, ते सुचवा. असल्या परिपत्रकाचं उत्तर आमच्याकडं ठरलेलं असतं. 'निरंक', म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. मी ते टाइप करून सहीला ठेवलंसुद्धा.

"निरंक कसं?" भाऊ म्हणाले. "भाईर बाकडं भरलंय की!"

त्यांनी हातानं दोन पानं लिहिली आणि आधी मला दाखवली. तालुक्यात एकदा तपासलेलं इथं परत तपासू नये, आमचा विभागच बंद करावा, माणसं तालुक्यातल्या रिकाम्या जागांवर पाठवावीत. यादीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं, दुसरं माझं. माझी सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

"भाऊ, हे देऊ नका. पाया पडते तुमच्या."

"चौदा वर्षांत दुसऱ्यांदा तपासून आपल्याला काय घावलं, सांगा बघू?"

मला एकही गोष्ट सांगता आली नाही, म्हणून तर जास्तच राग आला. "स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारा, माझ्या पायावर कशाला?" असं मी सगळ्यांदेखत बोलले. त्यांनी ती दोन पानं घडी करून खिशात ठेवली... आणि दुसऱ्या दिवशी साहेबांकडं दिली.

सूचना मंजूर झाली. भाऊंना दुसऱ्या तालुक्यात टाकलं आणि मला आजऱ्याला. जायला अडीच तास, यायला अडीच तास. सासूबाई गेल्या तेव्हा मी खिडकीवर होते, तोंडात पाणी घालायलासुद्धा पोचले नाही. भाऊ भेटायला आले तर मी आतून बाहेरच आले नाही. ते तासभर पायरीवर बसले आणि उठून गेले. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

पुढं एकदा एक म्हातारी आजऱ्याच्या खिडकीवर आली. पंधरा मिनिटांत तिचा कागद झाला, तरी ती हलेना.

"परत कवा येऊ?"

"येऊ नका आजी. झालं काम."

"झालं? अगं बाई, मग मी भाकरी कुठं बसून खाऊ?"

सगळं ऑफिस हसलं. मला मात्र व्हरांड्यातलं बाकडं आठवलं. त्या दिवशी एसटीत ठरवलं, की रविवारी जायचं आणि भाऊंना सांगायचं, तुमचं बरोबर होतं. पण त्या रविवारी पाहुणे आले, पुढच्या रविवारी अंग दुखलं... अहो, नाक आडवं येत होतं, दुसरं काय! दोन वर्षं अशीच घालवली मी. तेवढ्यात ते निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत गेले. छातीत कळ आली, म्हणे.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेलाही जायचं माझं धाडस झालं नाही. गेल्या रविवारी मात्र भाऊंच्या गावी, गडमुडशिंगीला गेले. घर शोधायला लागलं नाही, कारण दाराशी आमच्या व्हरांड्यातलं ते बाकडं होतं. विभाग बंद झाल्यावर भंगारात निघालेलं, ते भाऊंनी लिलावात घेतलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. मी दार वाजवलं आणि त्यावर बसले.

वहिनी बाहेर आल्या. मला बघून क्षणभर थबकल्या, मग लगबगीनं माझा हात धरला.

"हितं नका बसू, ताई. ह्यांनी सांगून ठेवलंय."

"काय सांगून ठेवलंय?"

"रोज संध्याकाळी दारात येऊन बघायचे. म्हणायचे, सरूताई कवातरी येतील. आल्या की त्यांना बाकड्यावर थांबवायचं न्हाय, सरळ आत आणायचं."