सेलसकट टू-इन-वन

मंडळी, आज रविवारी सकाळी साडेदहाला मी बाबांचा टू-इन-वन पुसत होतो. सीमेवरच्या गोळीबारामुळे गाव सुटलेल्या मुलांची शाळा तंबूत भरते. तिथे कॅसेटवरचे धडे ऐकवायला आमच्या पेणकरपाड्याच्या सोसायटीत जुने टेप जमा करतायत.

बाबा गेल्यापासून आई त्यावर रेडिओ लावूनच स्वयंपाक करते. म्हणून मी दोनदा विचारलं, "नक्की द्यायचा?"

"दे रे. पोरं शिकतील."

वाटेत गळतील म्हणून मी सेल काढून ठेवले. आई चिडली. "रिकामा देतोस? शेजारणीचा डबा तरी आपण रिकामा परत करतो का?"

"आई, हा काय डबा आहे?"

तिने सेल कागदात गुंडाळून हँडलला बांधले. न्यायला आलेल्या तळमजल्यावरच्या भाभी ते बघून म्हणाल्या, "अच्छा किया, माँजी. वहाँ बिजली ही नहीं है. और किसी ने सेल नहीं दिए."

तुम्ही देणार असाल, तर सेल नक्की द्या.

दुपारी स्वयंपाकघर फार शांत वाटलं. मी ओट्याजवळ बसून आईला पेपर वाचून दाखवायला लागलो.

पोळी लाटत ती म्हणाली, "हळू वाच. रेडिओवाले एवढी घाई करत नाहीत."